कपोएरा : गुलामी संपली आणि गुन्हा सुरू झाला

कपोएराविषयी सोशल मीडियावर एक गोष्ट कायम फिरत असते. ब्राझीलमध्ये उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांना लढाईचा सराव करायला बंदी होती. म्हणून त्यांनी लढाईला नाचाचे सोंग दिले, वर गाणे-बजावणे लावले. मालक नाच समजून बघत बसला आणि त्याच्या डोळ्यांदेखत गुलाम लढवय्ये झाले. गोष्ट ऐकायला छान आहे. आपल्या अनेक ग्रुपवर ती खाली ‘जयभीम’ लिहून पुढे पाठवली जाते.

आमचा या गोष्टीवर आक्षेप आहे. ती पूर्ण खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. लढाई, खेळ आणि नाच यांची सरमिसळ कपोएरात आहेच. पण या गोष्टीत शत्रू कोण, तर एक बावळट मळेवाला. आणि गुलामी संपली की गोष्टही संपते. प्रत्यक्षात काय घडले? कपोएराला नाव घेऊन गुन्हा ठरवणारे दंडसंहितेतले कलम गुलामी संपल्यानंतर दोन वर्षांनी आले. ते कुठल्या मळेवाल्याने केले नाही, नव्या प्रजासत्ताकाने केले. त्याच प्रजासत्ताकाने आपल्या ध्वजावर ‘सुव्यवस्था आणि प्रगती’ ही अक्षरे लिहिली होती. आंबेडकरी चळवळीतल्या माणसाने कपोएराचा इतिहास वाचायचा तर इथून वाचायला हवा.

आधी कपोएरा म्हणजे काय ते थोडक्यात. ज्यांनी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ‘टेकन’ खेळला आहे त्यांना हातांवर उलटा होऊन लाथा मारणारा एडी आठवत असेल; तो कपोएराच खेळतो. खेळणारे लोक गोल करून उभे राहतात किंवा बसतात. या गोलाला ‘रोदा’ म्हणतात. दोघे जण मध्ये येतात. दोघांचे शरीर सतत डावी-उजवीकडे, मागे-पुढे झुलत असते. हा झुलता पवित्रा म्हणजे ‘जिंगा’. त्यातूनच लाथ निघते, डोक्याची धडक निघते, पायात पाय घालून पाडणारी झाप निघते. अडवण्यापेक्षा चुकवण्यावर भर. समोरच्याला फसवणे हीसुद्धा कला मानली जाते. खेळ किती वेगाने, किती जवळून, किती रागाने खेळायचा हे ठरवते वाद्य : ‘बेरिम्बाउ’. लाकडी काठीला तार ताणून बांधलेले धनुष्य, त्याला खाली कापलेला वाळका भोपळा, हातात एक बारीक छडी आणि तारेवर दाबायला नाणे किंवा दगड.

हे वाद्य आफ्रिकेचे आहे. आणि ते फक्त ब्राझीललाच गेलेले नाही. गुजरातमधल्या सिद्दी समाजात ‘मलुंगा’ नावाचे भोपळ्याचे धनुष्यवाद्य आहे, ते बेरिम्बाउच्या शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटावेत. ब्राझील, मोझांबिक, दीव, दमण, गोवा ही सगळी एकाच पोर्तुगीज साम्राज्याची बंदरे होती. गोव्याच्या बाजारात आफ्रिकेतून आणलेली माणसे विकली जात होती. उत्तर कन्नडच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्या सिद्दींपैकी अनेकांचे पूर्वज गोव्यातल्या मालकांकडून पळालेले किंवा सुटलेले गुलाम होते. आपल्याकडे सिद्दी म्हटले की जंजिऱ्याचा किल्ला आणि त्याचे सत्ताधीश एवढेच आठवतात. भोपळ्याचे धनुष्य वाजवणारा सिद्दी शाळेच्या पुस्तकात येत नाही.

आता आकडे पाहू. गुलामांच्या व्यापारात आफ्रिकेतून जहाजांवर चढवलेल्या माणसांची संख्या सव्वा कोटीच्या घरात जाते. त्यातली सुमारे ४८ लाख माणसे जिवंतपणी ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत थेट उतरवलेली माणसे सुमारे ४ लाख. म्हणजे ज्या देशाची गुलामी आपल्याला पुस्तकांतून, सिनेमांतून माहीत आहे त्याच्या कितीतरी पट माणसे ब्राझीलने गिळली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७२ मध्ये, ब्राझीलची पहिली राष्ट्रीय जनगणना झाली. तिच्यात १५ लाखांहून जास्त माणसे गुलाम म्हणून मोजली गेली. तात्यासाहेब पुण्यात बसून ज्या गुलामगिरीच्या अंताचा गौरव करत होते, ती ब्राझीलमध्ये आणखी १५ वर्षे चालायची होती. अमेरिका खंडात गुलामी रद्द करणारा हा शेवटचा देश.

कपोएरा कुठून आला यावर ब्राझीलमध्येच मोठे वाद आहेत. कोणी अंगोलाच्या दक्षिणेकडच्या एका लाथांच्या खेळाकडे बोट दाखवतो, कोणी म्हणतो तो ब्राझीलच्या मातीतच घडला. शब्दाचेही तसेच. एका मतानुसार तो तिथल्या आदिवासींच्या तुपी भाषेतला, अर्थ तोडलेल्या रानाच्या जागी उगवलेले झुडूप. दुसऱ्या मतानुसार पोर्तुगीज भाषेतला, अर्थ कोंबड्यांची पाटी किंवा खुराडे. आम्ही या वादात शिरत नाही. कारण जिथे कागद बोलू लागतात ती जागा वेगळीच आहे. ती जागा ना मळा आहे, ना जंगलातले पळपुट्यांचे गाव. ती आहे शहर, आणि तेही राजधानीचे शहर : रिओ दि जानेरो.

सर्वात जुन्या नोंदींपैकी एक १७८९ सालची आहे, रिओतल्या एका गुलामाच्या खटल्याची. १८०८ मध्ये नेपोलियनच्या भीतीने पोर्तुगालचा राजदरबार समुद्र ओलांडून रिओत आला आणि पुढच्याच वर्षी तिथे शाही पोलीस दल उभे राहिले. त्यानंतर पोलिसांच्या वह्यांत ‘कपोएरा’ या कारणाखाली पकडलेल्या गुलामांची शेकडो नावे दिसतात. एखादा शिट्टी वाजवत होता म्हणून, एखाद्याकडे चाकू सापडला म्हणून, एखादा चौकात लाथा खेळत होता म्हणून. या दलातला मेजर व्हिदिगाल कुप्रसिद्ध होता. त्याच्या मारहाणीला लोकांनी ‘कोळंबीची मेजवानी’ असे नाव ठेवले होते, कारण मार खाल्लेल्याची कातडी सोललेल्या कोळंबीसारखी लाल व्हायची. शहरात गुलामांसाठी खास तुरुंग होता. मालकाने तिथे पैसे भरायचे आणि आपल्या गुलामाला सरकारी फटके मारून घ्यायचे. मळ्यावर फटके मारायला मुकादम असतो, शहरात ते काम सरकारने हाती घेतले.

शहरी गुलामाचे जगणे समजून घेतल्याशिवाय कपोएरा समजत नाही. १८४९ च्या मोजणीत रिओच्या शहरी वस्तीत ७५ हजारांहून जास्त गुलाम होते. त्यातले कितीतरी ‘कमाईचे गुलाम’. सकाळी घराबाहेर पडायचे, बंदरावर हमाली करायची, पाणी वाहायचे, भाजी विकायची, घाण वाहून समुद्रात टाकायची आणि ठरलेली रक्कम मालकाच्या हातावर ठेवायची. हा माणूस दिवसभर रस्त्यावर असतो. त्याला ओळखीपाळखी होतात. पाणवठा कोणाचा, नाका कोणाचा, गिऱ्हाईक कोणाचे यावरून मारामाऱ्या होतात. कपोएरा इथे उपयोगाचा होता. तो मालकाला फसवायला केलेला नाच नव्हता, रस्त्यावर आपली जागा राखण्याचे हत्यार होते. ही गोष्ट कमी रोमँटिक आहे हे आम्हांला मान्य आहे. पण सोसायटीच्या फाटकावर, बाजारात, नाक्यावर काम करणाऱ्या आपल्या माणसांना ती लगेच कळेल.

या मारामाऱ्यांतून टोळ्या तयार झाल्या. त्यांना ‘माल्टा’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिओ दोन मोठ्या गटांत वाटले गेले होते, नागोआ आणि ग्वायामू. आता यात फक्त गुलाम नव्हते. मुक्त झालेले काळे, मिश्र वर्णाचे, पोर्तुगालहून आलेले गरीब गोरे, क्वचित बड्या घरचे पोरगेही होते. १८६४ ते १८७० या काळात पराग्वेशी युद्ध झाले तेव्हा सरकारने हेच लोक रस्त्यावरून उचलून आघाडीवर पाठवले. गुलामांना ‘लढा आणि मुक्त व्हा’ असे सांगितले गेले. जे परतले ते पदके घेऊन, लष्करी गणवेशाची ऐट घेऊन परतले आणि माल्टा आणखी बळकट झाल्या.

मग राजकीय पक्ष आले. नागोआ कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षासाठी, ग्वायामू लिबरल पक्षासाठी. निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर विरोधकांना पळवून लावायचे, मतपेट्या सांभाळायच्या किंवा फोडायच्या, बदल्यात पक्षाचा पुढारी पोलिसांकडून सोडवून आणणार. ज्या संसदेत गुलामीच्या बाजूने भाषणे व्हायची तिच्यातले सभासद निवडून आणायला काळ्या माणसांच्या लाथा वापरल्या गेल्या. इथे आम्हांला आमच्या वस्तीतली पोरे आठवतात. कोणत्या भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, कोणत्या दादांच्या रॅलीतली बाईक, रात्री चौकीतून सोडवायला कोणाचा फोन. कपोएराचा गौरव करताना हे पान फाडून टाकणाऱ्यांशी आमचे जमत नाही. शोषितांच्या ताकदीचा वापर शोषक करून घेतो, हाही आपल्या इतिहासाचाच भाग आहे.

आता कायद्यांकडे येऊ. खरा डाव तिथे आहे.

४ सप्टेंबर १८५० रोजी ब्राझीलने आफ्रिकेतून गुलाम आणण्याच्या व्यापारावर निर्णायक बंदी घातली. मुख्यतः इंग्रजी आरमाराच्या दबावामुळे. बरोबर दोन आठवड्यांनी, १८ सप्टेंबर १८५० रोजी, जमिनीचा कायदा आला : यापुढे सरकारी पडीक जमीन कसून आपली करता येणार नाही, विकतच घ्यावी लागेल. हे दोन कायदे एकत्र वाचा. गुलामी आज ना उद्या जाणार हे सत्ताधाऱ्यांना कळले होते. तेव्हा सुटलेल्या माणसाच्या हाती जमीन पडणार नाही याची तजवीज त्यांनी ३८ वर्षे आधीच करून ठेवली. १८७१ च्या कायद्याने गुलाम आईच्या पोटी जन्मणारे मूल मुक्त ठरले, पण ते ८ वर्षांचे झाल्यावर मालकाला मुभा होती की त्याला २१ वर्षांचे होईपर्यंत राबवून घ्यावे. १८८१ च्या निवडणूक कायद्याने नव्या मतदाराला लिहिता-वाचता येण्याची अट घातली. १८७२ च्या जनगणनेत साक्षर गुलामांची संख्या होती १,४०३. पंधरा लाखांत. हजारात एकही भरत नव्हता.

आणि १३ मे १८८८ रोजी राजकन्या इसाबेलने ‘सोनेरी कायद्या’वर सही केली. या कायद्यात कलमे किती? दोन. पहिले : गुलामी संपली. दुसरे : याविरुद्धचे सर्व कायदे रद्द. जमीन नाही, शाळा नाही, मजुरी नाही, नुकसानभरपाई नाही. भरपाईची मागणी झालीच नाही असे नाही. ती झाली मालकांकडून. उलट, सरकारी खर्चाने युरोपातून गोरे मजूर आणायचे काम जोरात सुरू होते. ज्यांनी साडेतीनशे वर्षे हा देश कसला त्यांना ‘आळशी’ म्हणून बाजूला सारले गेले.

या काळात एक अडचणीचा अध्याय आहे. ‘ग्वार्दा नेग्रा’ म्हणजे काळे रक्षक दल नावाची संघटना रिओत उभी राहिली. काळा पत्रकार आणि गुलामीविरोधी नेता झोझे दो पात्रोसिनियो तिच्याशी जोडला गेला होता. तिच्यात कपोएरा खेळणारे बरेच होते. हे लोक राजकन्येच्या बाजूने उभे राहिले आणि प्रजासत्ताकवाद्यांच्या सभा उधळू लागले. पुरोगामी इतिहासकारांनी त्यांना बराच काळ राजेशाहीचे भाडोत्री गुंड ठरवले. आम्ही विचारतो : प्रजासत्ताकाच्या छावणीत तेव्हा कोण जमा होत होते? गुलाम हातचे गेले म्हणून राजघराण्यावर चिडलेले मळेवाले. मग ज्या बाईच्या सहीने साखळी तुटली तिच्या बाजूने काळा माणूस गेला, यात त्याचे काय चुकले? बाबासाहेबांनी काँग्रेसला ‘स्वातंत्र्य कोणाचे?’ असे विचारले तेव्हा त्यांनाही इंग्रजांचा हस्तक म्हटले गेले. त्या शिव्या ऐकलेल्या चळवळीने ग्वार्दा नेग्राला एका शब्दात निकालात काढू नये.

१५ नोव्हेंबर १८८९ रोजी लष्कराने राजाला हटवले. प्रजासत्ताक आले. रिओच्या पोलीसप्रमुखपदी साम्पायो फेराझ बसला आणि त्याने कपोएरावाल्यांची धरपकड सुरू केली. खटला नाही, सुनावणी नाही. शेकडो लोकांना पकडून अनेकांना समुद्रात दूर असलेल्या फर्नांदो दी नोरोन्या बेटावरच्या कैदी वसाहतीत रवाना केले. यात एकदा गंमत झाली. जुका रेइस नावाचा एका पोर्तुगीज काउंटचा मुलगा कपोएरा म्हणून पकडला गेला. शेकडो काळे बेटावर गेले तेव्हा मंत्रिमंडळात कोणी हूं की चूं केले नव्हते. या एका पोराच्या अटकेवरून परराष्ट्रमंत्री राजीनामा द्यायला निघाला. अखेर त्यालाही पाठवले, पण नंतर परदेशी जाण्याची वाट मोकळी करून दिली.

११ ऑक्टोबर १८९० ची दंडसंहिता या सगळ्यावर शिक्कामोर्तब करते. तिच्यात ‘उडाणटप्पू आणि कपोएरा’ असे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. कलम ४०२ नुसार रस्त्यावर किंवा चौकात कपोएरा नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंगचपळाईच्या कसरती करणे हा गुन्हा. शिक्षा २ ते ६ महिने कोठडी. टोळीत असाल तर गुन्हा गंभीर, म्होरक्या असाल तर शिक्षा दुप्पट. पुन्हा पकडले गेलात तर १ ते ३ वर्षे कैदी वसाहत. आणि त्याच प्रकरणात, शेजारीच, धंदा-रोजगार नसणाऱ्यासाठी उडाणटप्पूपणाचे कलम ३९९. जमीन द्यायची नाही, काम गोऱ्यांना द्यायचे आणि मग ‘तुला काम का नाही’ म्हणून आत टाकायचे! कायद्यात काळा हा शब्द कुठेही नाही. गरज काय? शिपायाला रस्त्यावर कोणाला हटकायचे ते ठाऊक होते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात अर्थमंत्री रुई बार्बोसा याने गुलामीसंबंधीचे सरकारी कागद जाळण्याचा हुकूम काढला. देशावरचा कलंक पुसायचा असे कारण दिले गेले. मालकांनी भरपाई मागू नये म्हणून हे केले, असे त्याचे समर्थक सांगतात. तसे असेलही. पण कलंकाचे कागद जाळायचे आणि त्या कलंकाच्या बळींसाठी नवी कलमे लिहायची, या दोन्ही गोष्टी तीन महिन्यांच्या आत झाल्या.

आपल्याकडचा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. त्यात जन्मानेच गुन्हेगार ठरवले जाई. ब्राझीलच्या कायद्यात जन्म नव्हता, कृती होती. हा फरक लहान नाही, दोन्ही एकच आहेत असे म्हणणे सोपे असले तरी चूक आहे. इथला कायदा १९५२ मध्ये गेला आणि सवयीच्या गुन्हेगारांच्या कायद्यांच्या नावाने मागच्या दाराने राहिला. तिथे कपोएराचे कलम १९४० च्या नव्या दंडसंहितेतून गळले, पण मधली पन्नास वर्षे काय झाली?

रिओतला माल्टांचा कपोएरा जवळपास संपवला गेला. तो टिकला बाहिया प्रांतात, साल्वादोर शहरात आणि आसपासच्या गावांत. बंदरावरचे हमाल, कोळी, गाडीवान, सुतार. १९२० च्या दशकात तिथे पेद्रितो नावाने ओळखला जाणारा पोलीस अधिकारी घोडेस्वार घेऊन कपोएराच्या आणि काळ्यांच्या कान्दोम्ब्ले धर्माच्या जागांवर छापे घालायचा. बेरिम्बाउवर आजही ‘काव्हालारिया’ म्हणजे घोडदळ नावाचा ठेका वाजवतात. त्यात घोड्यांच्या टापांचा आवाज आहे. घोडेस्वार येताना दिसले की वाजवणारा तो ठेका धरायचा आणि गोल फुटायचा. हा आमच्या मते कपोएरातला सर्वात अस्सल ऐतिहासिक दस्तऐवज आहे. जाळण्याचे हुकूम निघाले तरी तो जळाला नाही.

याच साल्वादोरमध्ये मानुएल दोस रेइस माशादो, म्हणजे मेस्त्रे बिंबा, होऊन गेले. मेस्त्रे म्हणजे उस्ताद. जन्म १८९९ च्या सुमाराचा, एंजेन्यो वेल्यो दी ब्रोतास या वस्तीतला. कोळसा विकला, बंदरावर हमाली केली, सुतारकाम केले. त्यांनी जुन्या कपोएराला वडिलांच्या ‘बातुके’ या कुस्तीसारख्या खेळाची जोड देऊन नवी पद्धत बांधली, शिकवण्याचा क्रम ठरवला, आखाडा काढला. नाव ठेवले ‘बाहियाची प्रादेशिक लढत’. कपोएरा हा शब्दच नावात नाही, कारण तो शब्द कायद्याच्या पुस्तकात होता. १९३७ मध्ये त्यांच्या आखाड्याची सरकारी नोंदणी झाली. बिंबांचा एक नियम होता : विद्यार्थी शिकत असला पाहिजे किंवा त्याच्याकडे नोकरीचा पुरावा असला पाहिजे. या नियमावरून अनेकांनी त्यांच्यावर टीका केली की त्यांनी कपोएरा गरिबांकडून काढून डॉक्टरकीच्या गोऱ्या विद्यार्थ्यांना दिला. टीकेत तथ्य आहेच. पण कलम ३९९ आठवा. ज्या माणसाला आयुष्यभर ‘कामधंदा नसलेला’ म्हणून हटकले जाऊ शकते तो दारावर नोकरीचा पुरावा मागतो, तेव्हा तो नुसता पांढरपेशा होत नाही. तो पोलिसाच्या हातातले कलम काढून घेत असतो.

दुसरे मेस्त्रे पास्तिन्या. जन्म ५ एप्रिल १८८९, म्हणजे गुलामी संपल्यानंतर वर्षभराच्या आत. लहानपणी एका मोठ्या मुलाकडून रोज मार खायचे. ते पाहून बेनेदितो नावाच्या अंगोलाच्या वृद्धाने त्यांना कपोएरा शिकवला, असे ते सांगत. बिंबांच्या नव्या पद्धतीपुढे त्यांनी जुनी, जमिनीलगत खेळली जाणारी, संथ आणि कावेबाज पद्धत ‘कपोएरा अंगोला’ या नावाने जपली. नावातच आफ्रिका ठेवली. १९५५ पासून पेलोरिन्यो चौकातल्या १९ क्रमांकाच्या इमारतीत त्यांचा आखाडा होता. पेलोरिन्यो या शब्दाचा अर्थ फटके मारायचा खांब.

आता सत्तेची चाल बदलली. हुकूमशहा जेतुलियो व्हार्गासला राष्ट्राला एक चेहरा हवा होता. समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेयरच्या १९३३ च्या ग्रंथातून ही कल्पना लोकप्रिय झाली की ब्राझील हा गोरे, काळे, आदिवासी यांच्या गोड मिश्रणातून झालेला देश आहे. पुढे याला ‘वांशिक लोकशाही’ म्हणू लागले. सांबा राष्ट्रीय, कपोएरा राष्ट्रीय, सगळे आपले. १९५३ मध्ये बिंबांनी व्हार्गाससमोर प्रात्यक्षिक केले तेव्हा त्याने कपोएराला खरा राष्ट्रीय खेळ म्हटल्याचे सांगतात. वाचकांच्या लक्षात आले असेल, आपल्याकडे याला ‘समरसता’ म्हणतात. समतेचे नाव काढायचे नाही. एका पंगतीत बसून फोटो काढायचा. कपोएरा राष्ट्रीय झाला तेव्हा निरक्षर माणसाला मत नव्हते. १८८१ ला सुरू झालेली ती बंदी १९८५ पर्यंत टिकली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला होता आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत आमच्या अंगठेबहाद्दर आज्या मतदान करून आल्या. ब्राझीलच्या काळ्या आजीला आणखी तेहतीस वर्षे थांबावे लागले.

आणि राष्ट्राने उस्तादांचे काय केले? पास्तिन्यांना १९६६ मध्ये सेनेगलच्या डाकारला, कृष्णवर्णीय कलांच्या पहिल्या जागतिक महोत्सवात देशातर्फे नेले. पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, इमारतीच्या दुरुस्तीसाठी म्हणून त्यांना आखाड्यातून बाहेर काढले. परत जागा मिळाली नाही. तिथे उपाहारगृह झाले. दृष्टी गेलेले पास्तिन्या १३ नोव्हेंबर १९८१ रोजी गरिबीत वारले. बिंबा साल्वादोरच्या उपेक्षेला वैतागून १९७३ मध्ये गोयानियाला गेले आणि ५ फेब्रुवारी १९७४ रोजी तिथेच वारले. १९९६ मध्ये बाहियाच्या विद्यापीठाने त्यांना मरणोत्तर डॉक्टरेट दिली. ज्याला पेन्शन नाही दिली त्याला पदवी दिली!

बिंबांना विद्यापीठाची पदवी मिळाल्यावर दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, शारीरिक शिक्षणाच्या व्यवसायाचा कायदा झाला आणि त्या आधारे परिषदेने कपोएराच्या उस्तादांकडे नोंदणी मागायला सुरुवात केली. चाळीस वर्षे बेरिम्बाउ वाजवणाऱ्या माणसाने आपलीच विद्या शिकवायला कोणाकडून दाखला आणायचा? उस्तादांनी जोरदार विरोध केला. ज्ञान आमचे, प्रमाणपत्र तुमचे, ही चाल आपल्याला नवी नाही.

वाटेत चळवळही उभी राहिली. १९७१ मध्ये पोर्तो आलेग्रेतल्या काळ्या तरुणांनी १३ मे हा राजकन्येच्या सहीचा दिवस नाकारला आणि २० नोव्हेंबर पाळायला घेतला. १६९५ मध्ये त्या दिवशी पाल्मारेस या पळालेल्या गुलामांच्या राज्याचा नेता झुंबी मारला गेला होता. मेस्त्रे मोराएस यांनी १९८० मध्ये गट काढून अंगोला पद्धतीला काळ्यांच्या राजकारणाशी पुन्हा जोडले. त्या परंपरेतून जान्झा आणि पावलिन्या या स्त्रिया उस्ताद झाल्या आणि १९९५ मध्ये त्यांनी साओ पावलोत अंगोलाच्या राणी न्झिंगाच्या नावाने गट काढला. पुरुषांच्या या गोलात बाईने बेरिम्बाउ हातात घेणे हीसुद्धा एक लढाई होती. २० नोव्हेंबरची राष्ट्रीय सुट्टी २०२४ मध्ये पहिल्यांदा मिळाली.

२००८ मध्ये ब्राझील सरकारने कपोएराला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवले. त्या नोंदणीसोबतच्या शिफारशींत म्हाताऱ्या उस्तादांसाठी खास निवृत्तिवेतनाचा मुद्दा होता. २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत ‘रोदा’ गेला.

त्यानंतर चार वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली. त्या रात्री साल्वादोरच्या एका बारमध्ये मतावरून वाद झाला. ६३ वर्षांचे कपोएरा उस्ताद आणि संगीतकार मोआ दो कातेंदे यांनी आपण वर्कर्स पार्टीला मत दिल्याचे सांगितले. बोल्सोनारोचा समर्थक असलेला एक माणूस उठून गेला, चाकू घेऊन परतला आणि त्याने त्यांना पाठीत भोसकून मारले. पुढे त्याला २२ वर्षांची शिक्षा झाली. तो बार एंजेन्यो वेल्यो दी ब्रोतासमध्ये आहे, बिंबा जिथे जन्मले त्याच वस्तीत.